गाणारे शेतावर का गेले?

अभ्यासासाठी शास्त्रपाठ : नहेम्या १३:४-१४, लूक १०:७, १ तीमथ्य ५:१७-१८

घरात विवाह ठरला की खर्चाची वही निघते. हॉल, जेवण, फुलांची सजावट, छायाचित्रकार, वधूचा झगा, पाहुण्यांच्या गाड्या. प्रत्येक ओळीपुढे आकडा पडतो आणि विसारही दिला जातो. चर्चमध्ये ऑर्गन कोण वाजवणार, हा प्रश्न मात्र सहसा शेवटच्या आठवड्यात निघतो. कोणीतरी एखाद्याचे नाव सुचवतो, फोन केला जातो, "याल ना?" एवढे विचारले जाते. "घ्याल किती?" हे विचारण्याचा संकोच वाटतो, कारण काम देवाच्या घरातले! विधी आटोपतो, छायाचित्रांसाठी गर्दी होते, आणि वादक आपली गीतपुस्तके पिशवीत घालून बाजूच्या दाराने निघून जातो. त्याच्या हाती काय पडले हे वहीत शोधूनही सापडत नाही.

उदाहरणादाखल जबलपूर घेऊ. १९५६ पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच राज्यात होते व राजधानी नागपूर होती. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्ये येथेच जोडला गेला; १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथलीच झाली. लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजमुळे आपल्या काही पाळकांचाही या गावाशी संबंध आला. अशा कुटुंबातील मुलीचा विवाह जबलपुरात ठरला, तर आराधना हिंदीत किंवा इंग्रजीत होते; पण अहमदनगरहून किंवा सोलापूरहून आलेल्या आजीला 'उपासना संगीता'तील एक तरी गीत हवे असते. नेहमीच्या वादकाला त्या गीताची चाल ठाऊक नसते. काही ठिकाणी नेहमीचा वादकच नसतो. मग बाहेरून कोणाला तरी बोलवावे लागते. हा बाहेरून येणारा मनुष्य मंडळीचा नोकर नव्हे, घरचा पाहुणाही नव्हे. तो आपला कोण लागतो, हे आपण कधी ठरवलेलेच नाही.

नहेम्याच्या काळी हाच प्रश्न यरुशलेमेत उभा राहिला होता. लेवी व गाणारे यांना इतर वंशांप्रमाणे जमिनीचे वतन नव्हते. त्याऐवजी लोकांचा दशमांश त्यांच्या निर्वाहासाठी नेमून दिला होता (गणना १८:२१-२४). गाणाऱ्यांना इतर कामांतून मोकळे ठेवले जाई, कारण त्यांचे काम रात्रंदिवस चाले (१ इतिहास ९:३३). दाविदाच्या काळी शिकून तयार झालेल्या गायकांची संख्या २८८ दिली आहे (१ इतिहास २५:७). बंदिवासानंतर तर परक्या राजाच्या हुकुमानेही त्यांची रोजची नेमणूक बांधून दिलेली होती (नहेम्या ११:२३). म्हणजे ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर सोडलेली नव्हती.

पुढे इ. स. पूर्व ४३३ च्या सुमारास नहेम्या राजाकडे परत गेला. त्याच्या पाठीमागे एल्याशीब याजकाने मंदिरातील एक मोठी खोली तोबीयाला राहावयास दिली. तोबीया वजनदार गृहस्थ, याजकाचा सोयरा. ती खोली मुळात कशासाठी होती? धान्य, द्राक्षारस, तेल, म्हणजे लेवी, गाणारे व द्वारपाळ यांचे वाटे ठेवण्यासाठी! प्रतिष्ठित पाहुण्यासाठी जागा निघाली आणि गाणाऱ्यांचे कोठार गेले. नहेम्या परतला तेव्हा वाटे मिळत नव्हते आणि गाणारे आपापल्या शेतांकडे निघून गेले होते. आता हे पाहा, की त्याने शेतावर गेलेल्यांना भक्ती कमी पडली म्हणून दोष दिला नाही. त्याने अधिकाऱ्यांना धारेवर धरले आणि देवाचे घर असे टाकून का दिले, हा जाब त्यांनाच विचारला. गाणारा पोटासाठी शेतावर जातो तेव्हा देवाचे घर त्याने सोडलेले नसते. ज्यांनी त्याचा वाटा थांबवला त्यांनी सोडलेले असते. आपल्या विवाहांतील फुलांचा खर्च आणि वादकाचे पाकीट शेजारी ठेवून पाहिले, तर तोबीयाची खोली फार दूर नाही असे मला वाटते.

यावर एक उत्तर ठरलेले असते : "पण ही तर सेवा आहे." भाषांतराचे काम करणाऱ्याला या शब्दापाशी थांबावेच लागते. निवासमंडपातील लेव्यांच्या सेवेसाठी इब्री भाषेत 'अबोदा' हा शब्द आहे, आणि मिसरात इस्राएलांकडून करवून घेतलेल्या काबाडकष्टांसाठीही तोच शब्द आहे (निर्गम १:१४). सेवा म्हणजे श्रम नव्हेत, ही कल्पना शास्त्रातली नाही. ती आपल्या सोयीची आहे.

मोबदल्याचे शब्दही पाहू. लूक १०:७ मध्ये कामकऱ्याला मिळणाऱ्या गोष्टीसाठी 'मिस्थॉस' हा ग्रीक शब्द आहे. द्राक्षमळ्यातील मजुरांना संध्याकाळी देण्यात आली ती मजुरी हीच (मत्तय २०:८), आणि याकोब ५:४ मध्ये अडवून ठेवल्यामुळे ओरडते तीही हीच. १ तीमथ्य ५:१८ मध्येही हाच शब्द येतो. पण त्याच्या आधीच्या वचनात चांगले काम करणाऱ्या वडिलांना दुप्पट 'तिमे' द्यावी असे आहे. 'तिमे' म्हणजे मान. आणि 'तिमे' म्हणजे किंमतही. हनन्याने मागे ठेवली ती जमिनीची किंमत म्हणजे 'तिमे'च (प्रेषितांची कृत्ये ५:२). मराठीला येथे हेवा वाटण्याजोगी सोय आहे, कारण आपला 'मानधन' हा शब्द दोन्ही अर्थ एकत्र पेलतो. दुर्दैवाने व्यवहारात आपण त्याची फोड करतो. शाल व श्रीफळ देऊन मान उरकतो, धन विसरतो.

मग पौलाने करिंथ येथे काही घेतले नाही, त्याचे काय? १ करिंथ ९ पूर्ण वाचावा. मंदिराची सेवा करणाऱ्यांचे पोषण मंदिरातूनच होते हे तो आधी ठामपणे सांगतो, आपला हक्क सिद्ध करतो, आणि मग स्वतःहून तो सोडतो. हक्क सोडण्याचा अधिकार ज्याचा हक्क आहे त्याचा. करिंथकरांनी पौलाच्या वतीने तो सोडून दिला असता, तर त्याला त्याग म्हणता आले नसते. यिर्मया २२:१३ मध्ये शेजाऱ्याला फुकट राबवणाऱ्याविषयी काय म्हटले आहे ते वाचकांनी स्वतः काढून पाहावे.

"पैसे घेऊन वाजवणाऱ्याची उपासना कसली?" असेही विचारले जाते. तीन राजे पाण्यावाचून अडले असता अलीशाने वाद्य वाजवणारा बोलावून आणवला. तो वाजवू लागला तेव्हा परमेश्वराचा हात संदेष्ट्यावर आला (२ राजे ३:१५). त्या वादकाचे नावही दिलेले नाही, मग त्याच्या अंतःकरणाची परीक्षा दूरच. (त्याच्या हाती तंतुवाद्य होते. जुन्या इंग्रजी भाषांतरात युबालाच्या कथेत 'ऑर्गन' आला आहे, पण मूळ 'उगाब' हे बहुधा पाव्यासारखे वाद्य होते.) आणि योहान सेबास्तियन बाख? १७२३ पासून लाइपझिगच्या संत थॉमस चर्चचा हा संगीतप्रमुख आपल्या हस्तलिखितांवर केवळ देवाला गौरव असो अशा अर्थाची आद्याक्षरे लिहीत असे. त्यानेच २८ ऑक्टोबर १७३० रोजी मित्राला पत्रातून कळवले, की गावची हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात आणि आपली मिळकत घटते. वाचून हसू येते. परंतु विवाह व अंत्यविधी यांच्या फीवर ज्याचे घर चालते, त्याला ते हसू येणार नाही.

आता व्यवहाराविषयी. तारीख ठरताच, पाळकांची संमती घेऊन, वादकाला विचारावे. आगमनकाळ व उपवासकाळ यांत पुष्कळ मंडळ्यांत विवाह लावत नाहीत. त्यामुळे उरलेल्या महिन्यांत विवाहांची दाटी होते आणि वादकाची वर्षाची कमाई तेवढ्यातच व्हायची असते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या कलम १० प्रमाणे, काही अपवाद सोडता, विवाहविधी सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच व्हावा लागतो. एका दिवशी दोन चर्चमध्ये वाजवणाऱ्याच्या दृष्टीने वधूचा तासभर उशीर म्हणजे दुसरा विवाह हातचा जाणे होय. उशीर झाल्यास काय, हे आधी बोलून ठेवावे.

रक्कम कागदावर लिहावी, दोन ओळी पुरेत : किती, कशाकशाचे, सराव धरून की वेगळा, प्रवासखर्च कोणाचा, विवाह पुढे गेला तर काय. इंग्लंडमध्ये बाहेरचा वादक आणला तरी चर्चच्या नेहमीच्या वादकाला त्याची फी देण्याची प्रथा आहे. आपल्याकडे निदान त्याला विचारावे तरी! गीतांची यादी दोन आठवडे आधी द्यावी आणि केवळ पहिली ओळ न देता चाल कळवावी. पाश्चात्त्य चालींना स्वतःची नावे असतात. 'ओल्ड हंड्रेडथ' म्हटले की हिंदी चर्चमधील वादकालाही मराठी गीत वाजवता येते. भजनाची चाल असेल तर स्वरलिपी पाठवावी आणि काळी दोन की पांढरी चार, हेही सांगावे. चर्चमधील वाद्य चालू आहे की नाही, हे तर अवश्य पाहावे. भात्यातून हवा गळणाऱ्या ऑर्गनावर बाखही हतबल झाला असता.

दर रविवारी येणाऱ्या वादकाचे मानधन मंडळीच्या अंदाजपत्रकात असावे. त्या दिवशीच्या अर्पणावर ते अवलंबून नसावे. पवित्र आठवड्यातील व नाताळातील जादा आराधनांचा हिशेब वेगळा धरावा.

एखाद्या कुटुंबाची ऐपत नसते. त्यांनी ती गोष्ट आधीच मोकळेपणाने सांगावी. पुष्कळ वादक कमी घेतील, काही जण काहीच घेणार नाहीत. तो निर्णय त्यांचा. मात्र ठरलेले असेल ते त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे (अनुवाद २४:१५). वधूपित्याला त्या दिवशी कशाचेच भान नसते, म्हणून हे काम घरातील एखाद्या विश्वासू मनुष्याला नाव घेऊन नेमून द्यावे. नहेम्यानेही तेच केले. वाटे पुन्हा येऊ लागल्यावर ते ज्याचे त्याला पोहोचवण्यासाठी त्याने माणसे नेमली, आणि १३ व्या वचनात त्यांची नावे लिहून ठेवली.