गिरणीच्या कार्डापासून गाळ्याच्या पॉलिसीपर्यंत

इतिहास शिकवणाऱ्याने स्मरणिकेत विम्यावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शाळेत भेटीस येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांची विचारपूस करताना अलीकडे एक गोष्ट आमच्या ध्यानी आली आहे. त्यांचे वडील-आजोबा नोकरीत होते; गिरणी, गोदी, रेल्वे, नाहीतर महापालिका. आताच्या पिढीतील पुष्कळजण स्वतःचा छोटा व्यवसाय चालवतात. कोणी चिंचपोकळी स्टेशनाजवळ छपाईचा गाळा घेतला आहे, कोणी लालबागला जेवणाचे डबे पुरवतो, कोणी दोन शिलाई यंत्रांवरून आठ कारागिरांपर्यंत पोहोचला आहे. कामगाराचा मुलगा मालक झाला, ही आमच्या समाजात लहान घटना नव्हे. मात्र कामगाराला जे संरक्षण कायद्याने आपोआप मिळत होते, ते या छोट्या मालकाला स्वतः निवडून विकत घ्यावे लागते, आणि त्या निवडीचा धडा आम्ही शिक्षकांनी त्याला कधी दिलेला नाही.

छपाईच्या गाळ्याचा उल्लेख उगाच केला नाही. त्या माजी विद्यार्थ्याकडे सात कामगार होते. एका संध्याकाळी कागद कापण्याच्या यंत्रात एका कामगाराची दोन बोटे गेली. खाजगी रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी घरातील दागिने मोडावे लागले. नंतर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, मी विमा काढला होता हो." आम्ही कागद पाहिले. विमा होता, बँकेने यंत्रासाठी कर्ज देताना काढायला लावलेला आगीचा विमा. यंत्राचा विमा होता, यंत्रावर काम करणाऱ्या हाताचा नव्हता.

आमचे वडील गिरणीत रिंग खात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे विणाईत, अस्पृश्यांना पूर्वी प्रवेश नव्हता. तुटलेला धागा तोंड लावून ओढावा लागे, हे त्याचे कारण सांगितले जाई. तो इतिहास वाचकांना ठाऊक आहे. वडिलांच्या खिशात ई.एस.आय.चे कार्ड असे. ताप आला की चाळीजवळचा पॅनेल डॉक्टर, मोठे दुखणे असले की परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय. रांग मोठी असे, औषध कधी मिळे कधी नसे, आणि आई त्यावरून कुरकुरत असे. तरीही दुखण्यापायी सावकाराकडे जावे लागले नाही. त्या कार्डाला कोणी विमा म्हणत नसे. ते विमाच होते.

ते कार्ड आले कोठून, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून सांगणे आमचे काम आहे. जुलै 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1943 साली, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. आडारकरांनी 1944 साली अहवाल दिला. पुढे त्यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. बाबासाहेबांचा विम्याविषयीचा विचार याहूनही पुढे गेलेला होता. 1947 सालच्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे राज्याने सक्तीचे करावे, असे मांडले. आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण त्यानंतर नऊ वर्षांनी, 1956 साली झाले. सक्ती मात्र कधीच आली नाही. विमा माणसाच्या मर्जीवर सोडला तर गरीब तो घेत नाही, हे त्यांनी ओळखले होते, असे आमचे मत आहे.

18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि काम गाळ्यांत, पोटमाळ्यांवर, घराघरांत विखुरले. ई.एस.आय.चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला लागू होतो. सात कामगारांच्या गाळ्याला तो आपोआप लागू होत नाही. आमच्या विद्यार्थ्याचे दोन आकडी संख्येच्या आत राहणे त्याला हिशेबाच्या दृष्टीने सोयीचे वाटत होते. बोटे गेली तेव्हा त्या सोयीची किंमत कळली.

म्हणून छोट्या मालकाने पहिला प्रश्न विचारावा तो कामगारांविषयी. कामावर असताना, कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आजच्या सामाजिक सुरक्षा संहितेपर्यंत कायम आहे. मालक गरीब आहे, गाळा छोटा आहे, या सबबी तेथे चालत नाहीत. तीस वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाला आणि मासिक वेतन पंधरा हजार धरले, तर वेतनाची निम्मी रक्कम, साडेसात हजार, गुणिले त्या वयासाठी ठरवलेला 207.98 हा अंक. भरपाई 15,59,850 रुपये होते. एवढ्या रकमेत अनेकांचा सबंध गाळा मोडीत निघेल. हे दायित्व विमा कंपनीवर सोपवणारी स्वतंत्र पॉलिसी मिळते. तिचा हप्ता एकूण वेतनाच्या व कामाच्या धोक्याच्या प्रमाणात ठरतो. वेतनाचा आकडा कमी दाखवून हप्ता वाचवण्याचा मोह टाळावा, कारण दाव्याच्या वेळी तोच आकडा समोर ठेवला जातो.

कामगार दहा झाले, की ई.एस.आय.सारखे स्वस्त आणि भरघोस संरक्षण बाजारात दुसरे नाही, असे आम्ही ठामपणे सांगतो. मासिक 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येतो. मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. अठरा हजार वेतनावर मालकाचे 585 आणि कामगाराचे 135 रुपये. या 720 रुपयांत कुटुंबासह उपचार, आजारपणात ठरावीक दिवस वेतनाचा सत्तर टक्के भाग, अपघाती अपंगत्वात नव्वद टक्के, आणि स्त्री कामगाराला सव्वीस आठवड्यांची प्रसूतीची रजा भरपगारी. शिवाय ई.एस.आय.मध्ये नोंदलेल्या कामगाराच्या अपघाताच्या भरपाईचे ओझे मालकावरून उतरते. पुष्कळ मालक दहावा माणूस कागदावर दाखवत नाहीत. ज्या कायद्याच्या सावलीत आपले वडील जगले त्याच कायद्याला आपण चुकवावे, हे आम्हांला शोभणारे नाही.

दहाच्या आतील गाळ्यासाठी समूह आरोग्य विमा आहे. कंपन्या साधारणतः सात जणांपासून तो देतात. आधीपासून असलेले आजार त्यात बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जातात. त्याची मर्यादा अशी, की काम सुटले की संरक्षणही सुटते. मालकाच्या बाबतीतही तेच. धंदा बंद पडला की पॉलिसी संपली. म्हणून मालकाने आपल्या कुटुंबाची वेगळी पॉलिसी तरुणपणीच घ्यावी. वैयक्तिक पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, आणि 2024 पासून तो छत्तीस महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही.

पॉलिसी निवडताना लोक विम्याची रक्कम आणि हप्ता एवढेच पाहतात. आम्ही खोलीच्या भाड्याची अट आधी पाहावयास सांगतो. समजा विमा पाच लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज पाच हजार. रुग्णालयात दहा हजारांची खोली घेतली, तर कंपनी केवळ जादा भाडे वगळत नाही. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क असे खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापते. औषधे, शरीरात बसवायची साधने व तपासण्या यांना ही कपात लागू होत नाही. पाच लाखांचा विमा असूनही घरचे निम्मे बिल स्वतः भरतात, त्याचे रहस्य येथे असते. ही अट नसलेली पॉलिसी थोडी महाग पडते, ती घ्यावी.

दुसरी गोष्ट प्रस्तावाच्या अर्जाची. एजंट अर्ज भरतो आणि आपण सही करतो. मधुमेह, रक्तदाब यांपुढे 'नाही' लिहिले गेले, तर तो दावा नाकारण्याचा हुकमी आधार ठरतो. सलग साठ महिने हप्ते भरल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला अशी हरकत घेता येत नाही. परंतु तोवरची पाच वर्षे काढायची आहेत. अर्ज स्वतः वाचावा. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करण्याचाही हक्क असतो.

मालमत्तेच्या विम्याविषयी थोडक्यात. चिंचपोकळी-लालबागमधील बहुतेक गाळे पागडीचे. इमारत आपली नसते. म्हणून यंत्रे, कच्चा माल, तयार माल यांचाच विमा घ्यावा. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी 2021 पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे आहे; आगीबरोबर पुराचे नुकसानही त्यात येते. 26 जुलै 2005 चा पाऊस ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळे सांगायला नको. माल पोटमाळ्यावर किंवा दुसऱ्याच्या गोदामात ठेवत असाल तर तो पत्ता पॉलिसीत आहे ना, हे पाहावे.

राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि वार्षिक वीस रुपयांत दोन लाखांचे अपघाती संरक्षण देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना यांचा लाभ प्रत्येक कामगाराला मिळवून द्यावा. ही जोड आहे, पर्याय नव्हे. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याने अपघाताच्या दायित्वाची पॉलिसी आता घेतली आहे आणि कामगारांचा समूह विमाही. बोटे गमावलेला कामगार त्याच्याकडेच आहे. हिशेब आणि गिऱ्हाइके तो सांभाळतो. कामगारांची संख्या आता नऊ झाली आहे. दहावा माणूस घेतल्यापासून पंधरा दिवसांत ई.एस.आय.ची नोंदणी करायची असते, हे त्याने गाळ्यातील कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवले आहे.