उभ्या प्रेक्षकांमागे बसलेला प्रेक्षक

इंग्लंडमधील गिरण्यांच्या आणि गोद्यांच्या गावांत शनिवारची दुपार ही फुटबॉलची वेळ मानण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. कामगारांना शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळू लागली आणि त्या मोकळ्या दुपारीतून गावोगावचे क्लब वाढले. तेथे क्लब हा केवळ खेळाडूंचा संघ नसतो. तो वडिलांकडून मुलांकडे येतो, जवळजवळ आडनावासारखा. सामना झाल्यावर पुढील आठवडाभर कारखान्यात, दुकानात आणि शेजारीपाजारी त्याच सामन्याची चर्चा चालते. त्यामुळे ज्याला मैदानात प्रवेशच करता येत नाही, तो नव्वद मिनिटांच्या खेळालाच मुकतो असे नाही, तर गावाच्या संभाषणालाही मुकतो.

अपंग प्रेक्षक पूर्वी मैदानावर येतच नसत, असे मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश शासनाने चालता न येणाऱ्या व्यक्तींना एक आसनी, तीन चाकी, फिकट निळ्या रंगाची लहान मोटार देण्याची योजना चालविली. तिला इनव्हाकार म्हणत. साठ आणि सत्तरच्या दशकांत अनेक मैदानांवर या निळ्या गाड्या थेट क्रीडांगणाच्या कडेला ओळीने उभ्या केलेल्या दिसत. चालक आतूनच काचेमधून खेळ पाही. सोय होती, यात संशय नाही. परंतु गाडीत एकाच माणसाला बसता येई, आणि मागे हजारो लोक एका सुरात गात असता तो पत्र्याच्या पेटीत एकटा असे. सुरक्षिततेच्या कारणास्तव २००३ मध्ये या गाड्या रस्त्यावरून कायमच्या मागे घेण्यात आल्या.

मैदानांचे रूप बदलले ते एका भीषण दुर्घटनेमुळे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर गर्दीत चेंगरून लिव्हरपूलच्या प्रेक्षकांपैकी ९७ जणांचा अंत झाला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालाने मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकास आसन द्यावे, अशी शिफारस केली. जुने उभे राहण्याचे कठडे पाडून नव्या इमारती उभ्या राहू लागल्या. आराखडे नव्याने काढले जात असताना चाकाच्या खुर्चीसाठी जागा राखणे तुलनेने सोपे होते. ही संधी काहींनी साधली, काहींनी दवडली. १९९५ च्या अपंगत्व भेदभाव प्रतिबंधक कायद्याने आणि पुढे २०१० च्या समानता कायद्याने सेवा देणाऱ्यांवर वाजवी फेरबदल करण्याचे बंधन घातले.

किती जागा पुरेशा मानाव्यात? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुगम मैदानांविषयीच्या मार्गदर्शिकेने त्याचे कोष्टक दिले. दहा हजार आसनांपर्यंतच्या नव्या मैदानात दर शंभर आसनांमागे एक जागा; त्यापुढे प्रमाण क्रमाक्रमाने कमी होत जाते. चाळीस हजारांच्या मैदानास २१० आणि त्यावरील प्रत्येक हजारामागे आणखी २ जागा. २००७ मध्ये खुल्या झालेल्या नव्या वेम्बली मैदानाची क्षमता नव्वद हजार आहे, व तेथे चाकाच्या खुर्च्यांसाठी ३१० जागा आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो.

परंतु संख्या हा प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग दृष्टिरेषेचा. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या व्यक्तीचे डोळे जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतात. पुढच्या ओळीतील लोक बसलेले असताना सर्व काही ठीक दिसते. चेंडू गोलजवळ आला की सारे उभे राहतात. म्हणजे ज्या क्षणासाठी माणूस मैलोगणती प्रवास करून आला, नेमका तोच क्षण त्याच्यापुढे पाठींची भिंत उभी करतो. उपाय माहीत आहे: पुढच्या ओळीपेक्षा व्यासपीठ इतके उंच बांधावयाचे की उभ्या माणसाच्या डोक्यावरूनही मैदान दिसावे. तसे बांधले की मागील बाजूची कित्येक सामान्य आसने जातात, तिकिटांचे उत्पन्न घटते. आणि येथेच बहुतेक क्लबांचा उत्साह मावळत असे.

दुसरी अडचण कमी दिसते, पण अधिक बोचते. राखीव जागा फक्त यजमान संघाच्या बाजूस असल्यास पाहुण्या संघाच्या अपंग समर्थकास परक्या गर्दीत बसावे लागते. आपल्या संघाने गोल केला तरी त्याने हूं की चूं करावयाचे नाही! बरोबर एकच सोबती नेता येतो, त्यामुळे आईवडील आणि भावंडे मैदानाच्या दोन टोकांना विखुरतात. सोबत्यास अनेक क्लब विनामूल्य प्रवेश देतात, ही चांगली प्रथा. तथापि कुटुंबाने एकत्र बसणे ही निराळी गोष्ट आहे.

या तक्रारी प्रेक्षकांनी स्वतःच संघटित होऊन मांडल्या. १९९८ मध्ये अपंग समर्थकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०११ पासून ती लेव्हल प्लेइंग फील्ड या नावाने ओळखली जाते. २००९ मध्ये युरोपीय फुटबॉल महासंघाच्या साहाय्याने साऱ्या युरोपासाठी तशीच एक संस्था निघाली. २०१४ मध्ये बीबीसीच्या पाहणीत प्रीमियर लीगच्या २० पैकी १७ क्लबांकडे शिफारशीइतक्या जागा नसल्याचे आढळले. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून अमाप पैसा मिळविणाऱ्या क्लबांची ही स्थिती होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सप्टेंबर २०१५ मध्ये सर्व क्लबांनी ऑगस्ट २०१७ पर्यंत मार्गदर्शिकेची पूर्तता करण्याचे मान्य केले. काहींना ती मुदत पाळता आली नाही; परंतु १९१० मध्ये बांधलेल्या ओल्ड ट्रॅफर्डसारख्या जुन्या मैदानातही त्यासाठी आसने काढून व्यासपीठे रचली गेली.

अपंगत्व केवळ पायांचे नसते. अंध प्रेक्षकांसाठी कानाशी लावलेल्या यंत्रातून वर्णनपर समालोचन ऐकविले जाते. आकाशवाणीच्या समालोचकास मते मांडण्याची मुभा असते. येथे चेंडू कोठे आहे, कोणाकडे आहे, पंचाने हात कसा उंचावला, हे क्षणोक्षणी सांगावे लागते. पोलंड व युक्रेनमधील २०१२ च्या युरोपीय स्पर्धेत ही सेवा तेथील भाषांत देण्यात आली. गोंगाट असह्य होणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी काही क्लबांनी काचेआडची शांत दालने केली आहेत. ज्यांना उचलूनच हलवावे लागते त्यांच्यासाठी उत्थापक यंत्र व बाकासह सुमारे १२ चौरस मीटरचे स्वच्छतागृह लागते. ते नसेल तर अनेक जण सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पिण्याचेच टाळतात.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या ३० व्या कलमाने क्रीडाविषयक सुविधांची पुनर्रचना करून त्या दिव्यांगांस उपयोगी करण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आहे. त्याच्या पुढील वर्षी, २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबई व गोव्यातील फातोर्डा येथे झाले. चाळीस हजार आसनांचे नवे मैदान बांधावयाचे झाल्यास वरील कोष्टकाप्रमाणे २१० जागा लागतील. त्या कोणत्या बाजूस, किती उंचीवर आणि कोणाच्या शेजारी असाव्यात, हे पायाची आखणी होण्यापूर्वीच नकाशावर ठरवावे लागते.