हळदीचा लेप

‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपण उतावळ्या माणसाला ऐकवतो. परंतु हळदीच्या औषधी गुणांविषयी मत बनवतानाही आपण तितकेच उतावळे असतो, हे मला गेल्या वर्षी घरीच उमगले.

आमचे घर अंबडला. गावाभोवती औद्योगिक वसाहत वाढली आणि शेतात राबणारे हात यंत्रावर गेले. जखमेवर हळद दाबण्याची रीत मात्र तीच राहिली. एके दिवशी दादाच्या तळहाताला कामावर पत्रा लागला. आजीने हळद दाबून पट्टी बांधली. रक्त थांबले. “आता दवाखाना कशाला?” असे मीही म्हणाले. तिसऱ्या दिवशी हात सुजला. डॉक्टरांनी जखम धुऊन आतली लोखंडाची बारीक कपची काढली व धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. आजी गप्प झाली. तिचे ज्ञान खोटे ठरले काय?

उत्तर शोधताना हळदीच्या पेटंटची हकिकत वाचनात आली. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने पेटंटास आव्हान दिले. ‘आमच्या आज्यांना हे ठाऊक होते’ एवढे सांगून भागणार नव्हते. लेखी पुरावा हवा होता. जुन्या संस्कृत ग्रंथांसह ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ साली पेटंट रद्द झाले.

पण येथे एक भेद ध्यानात घ्यावा. पेटंट रद्द झाले ते हा उपयोग नवा नव्हता म्हणून. हळद प्रत्येक जखम बरी करते, असा तो निकाल नव्हे. हळदीतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्यात दाह कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला आहे. परंतु खोल जखमेतील धनुर्वाताच्या जंतूंपुढे लेपाचा भरवसा धरता येत नाही. शिवाय बाजारातील काही हळदीत लेड क्रोमेट या विषारी रंगाची भेसळही आढळली आहे.

हे सारे आजीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “अगं, खोल लागलं तर वैद्याकडे न्यावं, असं माझी सासूच सांगायची. वरून लहान दिसली, म्हणून मी फसले.”

म्हणजे परंपरेतले अर्धेच वाक्य आमच्या ध्यानात राहिले होते! तेव्हापासून मी आजीच्या औषधांची वही लिहिते आहे. प्रत्येक पानावर दोन रकाने आहेत: काय वापरावे आणि केव्हा थांबून दवाखाना गाठावा. मित्रमैत्रिणींनो, आपापल्या घरी अशी वही करा. पण दुसरा रकाना रिकामा ठेवू नका.