उजेडात आण त्याला

नागपूर

चि. सोनू,

तुमच्या भोपाळच्या नेहरू नगरातल्या त्या कोपऱ्यावरच्या बंगल्याची मागची भिंत कमरेएवढीच आहे, हे तुझ्या आत्याने दिवाळीत स्वतः पाहिलंय. म्हणून तर काल वहिनीचा फोन आल्यापासून आत्याच्या डोळ्याला डोळा नाही. तू आणि तुझ्या मैत्रिणी मिळून तिथला लॅब्रॅडॉर रात्री सोडवून नेणार, कोटऱ्यात कुणाच्या तरी गच्चीवर लपवणार, असं शेजारच्या काकूंनी वहिनीच्या कानावर घातलं म्हणे. खरं असेल तर थांब. खोटं असेल तरी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

तू पाठवलेले फोटो आत्याने मोठे करून पाहिले. साखळी जेमतेम हातभर. पट्ट्याखालचे केस झडून कातडी काळी पडलेली, कानाच्या आत गोचिडांची रांग, स्टीलच्या भांड्यात शेवाळ धरलेलं पाणी. वर पत्रा आहे, पण मे महिन्यात भोपाळचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखाली बसणं म्हणजे शिक्षाच. तुझा जीव तुटतो, यात नवल नाही. आपल्या घरात ते आजीपासून चालत आलंय. तिच्या ताटातला पहिला घास कुणासाठी निघायचा, ते तुला सांगायला नको.

पण अंधारात नेलेला कुत्रा उजेडात ठेवशील कुठे?

कायदा काय म्हणतो ते आधी नीट वाच. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या समजावण्यासाठी जी उदाहरणं दिली होती, त्यांत एक कुत्र्याचंच होतं. कुणी खिशात आमिष ठेवून दुसऱ्याच्या कुत्र्याला अप्रामाणिक हेतूने मागे यायला लावलं, तर कुत्रा चालू लागला त्या क्षणीच चोरी पूर्ण होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये ते उदाहरण कायम आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. ‘आम्ही कुठे त्यातून पैसे कमावणार होतो?’ हे उत्तर पुरत नाही. आपला फायदा नसला, तरी दुसऱ्याचं गैरमार्गाने नुकसान करण्याचा हेतू कायदा बघतो. वर भिंत ओलांडलीस की अतिक्रमणाचं कलम वेगळं.

आणि मालकाला काय होईल? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ अगदी त्याच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधून ठेवणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं, पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, हे सगळे गुन्हे. पण पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये! कायद्याला साठ वर्षं उलटून गेली तरी एवढाच. आखूड साखळीचा गुन्हा अदखलपात्र, आणि पाच हजारांहून महाग कुत्र्याची चोरी दखलपात्र. हा अन्याय आहे. तुझा संताप आत्याला पटतो. म्हणूनच तिला भीती वाटते, की ज्याने कुत्र्याचे हाल केले तो पन्नास रुपयांत सुटेल, आणि ज्या पोरीला त्याची कणव आली तिचं नाव एफआयआरमध्ये चढेल.

शिवाय कुत्रा जाईल परत त्याच साखळीला. १९९८ साली गुजरातमधल्या एका पांजरापोळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मालकावर या कायद्याखाली पहिल्यांदाच खटला चालू असेल, तर जनावराच्या ताब्यावर त्याचाच दावा वरचढ. मात्र जनावराची अवस्था काय आहे आणि पुन्हा छळ होण्याची शक्यता किती, हेही कोर्टाने तपासायचं. म्हणजे वाट आहे, पण ती कोर्टाच्या दारातून जाते. लपवून ठेवलेल्या कुत्र्याला तू डॉक्टरकडे कोणत्या नावाने नेशील? रेबीजच्या लसीच्या कार्डावर मालक म्हणून कुणाची सही घेशील?

‘त्याला कुणी वाली नाही’ हे ठरवायचा अधिकार परस्पर हातात घेतला की काय होतं, ते मुंबईने १८३२ मध्ये पाहिलं. भटकी कुत्री मारण्यासाठी सरकारने कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. पैशाच्या लोभाने शिपाई लोकांची पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले आणि ६ जूनला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. तो मुंबईतला पहिला मोठा दंगा मानला जातो. तिथे लोभ होता. पण २०१४ साली अमेरिकेत, व्हर्जिनियात, प्राण्यांसाठी झटणाऱ्या पेटा संस्थेच्याच माणसांनी एका घराच्या ओसरीवरून माया नावाची छोटी चिवावा कुत्री उचलली. तिला घर होतं, माणसं होती. तरी त्याच दिवशी तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं गेलं. २०१७ मध्ये संस्थेने त्या कुटुंबाला ४९ हजार डॉलर देऊन तडजोड केली. माया काही परत आली नाही.

आणि मालकी म्हणजे नुसती साखळी नव्हे गं. २०२३ मध्ये तुमच्या भोपाळातच, मिसरोदच्या एका प्रशिक्षण केंद्रात ठेवलेला कुत्रा मेला. मालकाला वेगळंच काही सांगितलं गेलं होतं. त्याने पिच्छा सोडला नाही, पोलिसांनी सीसीटीव्हीचं चित्रण मिळवलं, आणि कुत्र्याला फाटकाला फास लावून मारल्याचं उघड झालं. तिघांना अटक झाली. ‘तो माझा होता’ असं म्हणणारा कुणी उभा राहिला म्हणून त्या मुक्या जिवाला दाद मिळाली. उद्या चोरून नेलेल्या या लॅब्रॅडॉरला काही झालं, तर ‘माझा’ म्हणून कोण उभं राहील? तुला तर तोंड उघडता येणार नाही.

आत्या तुझ्या वयाची होती तेव्हा सीताबर्डीच्या टांगा स्टँडवर एक घोडा उभा असायचा. खांद्यावर ओली जखम, त्यावर माश्या. कॉलेजला जाता-येता तिने त्या टांगेवाल्याचा मनातल्या मनात किती राग राग केला! मग एके दिवशी टांगा दिसेनासा झाला. औषधाला पैसे नाहीत, की जखमेवर काय लावायचं ते माहीत नाही, एवढं त्या माणसाला विचारायचं राहूनच गेलं. वय झालं तरी ते आत कुठेतरी सलतं.

म्हणून तू आधी विचार. दिवसा, पुढच्या दाराने जा. त्या घरात आता फक्त म्हातारे काकाच राहतात, मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला, असं वहिनी म्हणत होती. कदाचित त्यांना कुत्रा झेपतच नसेल. ‘काका, आम्ही याला संध्याकाळी फिरवून आणू का? गोचिडांचं औषध लावू का?’ एवढंच म्हण. जमलं तर त्यांच्यासोबतच त्याला जहांगीराबादच्या सरकारी पशु चिकित्सालयात घेऊन जा. त्यांना नकोच असेल, तर साध्या कागदावर लिहून घे, की कुत्रा स्वखुशीने अमुक तारखेला दिला. खाली सही आणि दोन साक्षीदार. मग तो कुणाच्या बापाला न घाबरता तुझ्या घरी राहील.

नाहीच ऐकलं, तर रस्त्यावरून तारखेसह फोटो काढ, कलम ११ चा उल्लेख करून ठाण्यात लेखी तक्रार दे, तिची पोच घे. एक प्रत जिल्ह्याच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक समितीला, एक भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाला पाठव. खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो, म्हणून उशीर नको. दोष सिद्ध झाला आणि पुन्हा छळ होईल असं दिसलं, तर कलम २९ खाली कोर्ट मालकी काढून घेऊ शकतं. हे रात्रीच्या धाडसापेक्षा संथ आहे, कंटाळवाणं आहे, आणि तोवर तो कुत्रा त्या पत्र्याखालीच आहे, हे आत्याला कळतं. म्हणून तक्रार आणि पाण्याचं भांडं, दोन्ही एकदमच सुरू कर.

फार बोललं गेलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्यावर राग नाही, धास्ती आहे. दादाला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुझी परीक्षा संपली की आत्या येतेच आहे. त्या काकांकडे दोघी मिळून जाऊ, बोलायची सुरुवात आत्या करेल. तिला बघून म्हातारी माणसं ऐकतात. येताना गोचिडांचं औषध आणि मऊ चामडी पट्टा नागपूरहून घेऊन येईल, फक्त गळ्याचं माप तेवढं कळव, आणि तेही काकांना विचारूनच घे. आणि तू नीट जेवत जा. वहिनी सांगत होती, त्या कुत्र्याच्या काळजीने चार दिवस ताटावरून तशीच उठतेस.

तुझी,
आत्या