कात्री घेण्याआधी

नायगाव, जि. नांदेड

चि. भाच्यास,

लातूरच्या सलूनमध्ये तुझा हात चांगला बसतोय, हे ताईकडून कळलं. आता महागडी जपानी कात्री हप्त्यावर घ्यायची म्हणतोस. घे, पण आधी हातातली कात्री नीट तपास.

एक पातं आडवं धर, दुसरं काटकोनात उघड आणि सोड. अर्ध्याहून थोडं जास्त मिटून थांबलं तर ठीक. खटकन पूर्ण मिटलं तर मधला स्क्रू ढिला आहे. ढिल्या कात्रीत केस दोन पात्यांमध्ये दुमडतो, गिऱ्हाईक ‘ओढतंय’ म्हणून मान आखडतं, आपण अंगठ्यानं दाबून कापायला लागतो आणि संध्याकाळी अंगठ्याचं मूळ ठणकतं. धार गेली म्हणून धारवाल्याकडं नेलेल्या पुष्कळ कात्र्यांचं दुखणं एवढंच असतं. जात्याचा खुंटाच हलत असेल तर टाकी लावून काय उपयोग? स्क्रू अगदी थोडाथोडा आवळ आणि दर वेळी पातं सोडून बघ. फार आवळलास तर पाती एकमेकांना खातात.

रात्री दुकान बंद करताना पात्यांवरचे केस मऊ फडक्यानं पुसून काढ, स्क्रूपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोड. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं. आणि त्या कात्रीनं शॅम्पूची पुडी कापायची नाही, कुणाला कापू द्यायची नाही.

आता धारेचं. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला विळीला, कोयत्याला, शिंप्याच्या कात्रीला चांगली धार लावतो. त्याच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण आपली कात्री त्याच्या हाती देऊ नकोस. तुझ्या कात्रीचं पातं आतून उजेडाकडं धरून बघ. ते सपाट नाही, मधे किंचित खोलगट आहे, आणि धारेच्या कडेला तेवढी बारीक चकचकीत रेघ दिसेल. कात्री मिटताना दोन्ही पाती त्या रेघेवरच एकमेकांना घासतात, केस तिथं कापला जातो. चाकावर आतली बाजू टेकली की ती रेघ जाते. बोटाला धार लागते, केसाला लागत नाही. शिवाय चाकाची आच लागून कडेला निळी झाक आली की पोलादाचं पाणी उतरलं समज. बाहेरून फुगीर धार असलेली कात्री सलूनच्याच कात्र्यांना धार लावणाऱ्या माणसाकडं पाठव आणि काम झाल्यावर ओल्या टिश्यूचा एक पदर कापून बघ. मधे कुठं दुमडला तर तिथल्या तिथं परत दे.

नवी घेताना ‘जपान’ शिक्क्यावर भुलू नकोस, शिक्का कुणीही मारतो. पोलाद कुठलं ते विचार. ४४०सी असेल तर त्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. रॉकवेल मापात ५८-६० ची कठीणता येते आणि ती रोजच्या कामाला भरपूर पुरते. मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिचं नाव मुख्यतः शिंपीकामासाठी आहे. पोलाद पारखून घेणं आपल्या मुलखाला नवं नाही. मांजरेपलीकडं निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम गाव आहे. हेन्री व्हॉयसी हा भूशास्त्रज्ञ १८२० च्या सुमारास तिथं गेला, तेव्हा इस्फहानहून आलेला एक व्यापारी स्वतः भट्टीपाशी थांबून तोलमाप बघत पोलाद घेत होता. तूही दुकानात कात्री हातात घेऊनच पैसे मोज. कंगव्यावर कापायला ६.५ ते ७ इंची सोयीची, बारीक थरांना ५.५ इंची. अंगठ्याचं भोक थोडं पुढं सरकलेली मिळाली तर मनगटाला सुख.

तुझ्या शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा डावखुरा आहे म्हणालास. त्याला खास डाव्या हाताची कात्री मागवायला सांग. उजवी कात्री डाव्या हातात धरली की अंगठ्याचा जोर पाती एकमेकांपासून लांब ढकलतो. मालक त्याला उगाच बोलत असेल.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा