‘पुढे’ दाबलं की रोबो गाडी अडते

प्रश्न : आठवीतल्या मुलीने किटमधून रिमोटची रोबो गाडी जोडली, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर. मोबाइलशी ब्लूटूथ जुळतं, पण ‘पुढे’ दाबताच तुटतं. किट खराब आहे का?
– एक पालक, अंबड (जि. जालना)

उत्तर : बहुधा नाही, दोष बॅटरीचा दिसतो. मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते. ही बॅटरी तो देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि ब्लूटूथ बंद पडतं. मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड एल२९८एन असेल, तर तो आणखी सुमारे २ व्होल्ट खातो. १८६५० आकाराचे दोन लिथियम सेल होल्डरमध्ये सिरीजने जोडा, ७.४ व्होल्ट मिळतील. चार्जर लिथियमचाच हवा. शॉर्ट सर्किटने आग लागू शकते, म्हणून सोबत बसा. पण शाळेच्या प्रयोगशाळेतून मल्टिमीटर मिळाला, तर व्होल्टेज मुलीलाच मोजू द्या.