आधी वॉल्व्हचा दांडा बघा

कोकणातल्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. रिअ‍ॅक्टरचं तापमान 80 अंशांवर धरायचं, तर ते 77 आणि 83 मध्ये झोके घेत होतं. आत माल शिजत होता. मी कंट्रोलरचं ऑटोट्यून चालू केलं आणि चहाला गेलो.

ते आत काय करतं हे मला तोंडपाठ होतं. वाफेचा वॉल्व्ह ठरावीक टप्प्याने उघडायचा, मिटायचा. तापमानाचा झोका किती उंच आणि त्याला वेळ किती, यावरून पी, आय, डीचे आकडे काढायचे. ऑस्ट्रम आणि हेगलुंड या लुंड विद्यापीठातल्या जोडीने 1984 मध्ये मांडलेली रीत. पण हा सगळा हिशेब सांगितलं तेवढा वॉल्व्ह हलतो, हे गृहीत धरून असतो.

नवे आकडे टाकले, तापमान 88 वर. पुन्हा ऑटोट्यून केलं, तर आकडे आधीच्या दुप्पट. एकच भांडं, एकच रात्र आणि उत्तरं दोन; तिथेच हात आवरायला हवा होता. पहाटे बॅच काळी पडली.

सकाळी आमचे जुने फिटर मामा टॉर्च घेऊन वॉल्व्हपाशी बसले. दांड्यावर मार्करने रेघ मारली. "साहेब, मॅन्युअलला घ्या, एकेक टक्का वाढवा." चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस... रेघ जागची हलेना. सेहेचाळीसला 'टक्' झालं आणि दांडा एकदम पुढे सरकला. दांड्याभोवतीचं ग्लँड कचकून आवळलेलं होतं. आठवड्यापूर्वी वाफ गळते म्हणून आवळायला मीच सांगितलं होतं.

तेव्हा लूप झोके घेऊ लागला की पहिल्यांदा मॅन्युअलला टाका. झोके थांबले तर खोट त्याच लूपमध्ये आहे. चालूच राहिले तर वाफेचा दाब वगैरे बाहेरचं काही तपासा. मग मामांची रेघ मारा. भांड्यात नुसतं पाणी घेऊन ऑटोट्यूनने काढलेले आकडे मालाला लागू पडतीलच असं नाही, आणि अभिक्रिया चालू असताना ऑटोट्यूनचं बटण दाबूच नका. ते मुद्दाम तापमान हलवतं. वाफ तापवते, थंड करत नाही. वर गेलेला पारा त्याच्या मर्जीने उतरतो.

ग्लँडचं पॅकिंग बदललं. आता आकडे कुठले टाकायचे? जुने मी लिहून ठेवलेच नव्हते. मामांनी खिशातून तेलकट डायरी काढली.